पळपुट्या मॉपची थर्झा

आमच्या दुकानात मॉप दोन प्रकारचे मिळतात, सुताचे आणि स्पंजचे. स्पंजचे नव्या घरांतल्या सुना नेतात. सुताचा मागायला आता थर्झा हॅन्कॉक्सशिवाय कोणी येत नाही, आणि तीही मुकाट्याने घेऊन जाईल तर शपथ. मॉप काउंटरवर आडवा घालायचा, त्याचं सूत बोटांनी ओढून बघायचं, नाक मुरडायचं.

"हिल्डा, हे पहिल्याच पाण्यात गळणार."

"गळू दे. तुझ्यासाठी काय आता रेशमाचा मागवू?"

"पूर्वीचं सूत असं नव्हतं."

"पूर्वी मीही अशी नव्हते. न्यायचाय की नाही?"

मग ती न्यायची. आमच्या टेमफर्ड गावातल्या चर्चची फरशी, शाळेची फरशी, धान्यबाजाराच्या कॉर्न हॉलची फरशी, सगळ्या थर्झाने पुसल्या. गावातला प्रत्येक माणूस तिने पुसलेल्या फरशीवरून चालत गेलेला आहे. नवरा नाही, पोर नाही, कुत्रंसुद्धा नाही. चर्चमागच्या गल्लीत एका खोलीत राहते. माझ्या मागच्या दारातून तिचं धुराडं दिसतं, त्यातून धूर निघाला की मला कळतं, आज उठली.

तिच्याबद्दल सांगायचं तर आधी मॉपबद्दल सांगावं लागेल. आमच्याकडे ऑक्टोबरात जी जत्रा भरते तिला मॉप म्हणतात. आता तिथे पाळणे, डॅशिंग गाड्या, सळईवर फिरणारं अख्खं डुक्कर आणि कानठळ्या बसवणारी गाणी असतात. पण मूळची ती नोकरीची जत्रा. कामाला जाणारी माणसं चौकात रांगेने उभी राहायची आणि आपल्या कामाची खूण अंगावर मिरवायची. मेंढपाळ टोपीत लोकरीचा पुंजका खोवायचा, गाडीवान चाबकाची दोरी, आणि पोरी मॉप घेऊन यायच्या. मॉप नसेल तर त्याच्या सुताचा एक गोंडा छातीवर टाचायच्या. मालकाने हातावर शिलिंग ठेवलं की वर्षभराचा सौदा पक्का. मग गोंडा काढायचा आणि रिबन लावायची, म्हणजे बाकीच्यांना कळावं की ही गेली, हिला आता विचारू नका.

आणि दोन आठवड्यांनी त्याच चौकात दुसरी, लहान जत्रा. ती पळपुट्यांची. ज्याला मालक मानवला नाही त्याने रिबन काढून पुन्हा गोंडा लावायचा आणि तिथे येऊन उभं राहायचं. कोणी त्याला नावं ठेवत नसे. ज्याचं बरं चाललंय तोही यायचा, पण रिबन लावून, मजा करायला. त्या दिवशी कोणाला काही विचारावं लागत नसे. छातीकडे बघितलं की कळायचं.

मागे आमच्या पाद्रींनी महिला मंडळात या शब्दावर तासभर भाषण केलं. मूळ म्हणे लॅटिन, हात पुसायच्या रुमालाचं नाव. तिथून तो फिरत फिरत खलाशांच्या तोंडी आला आणि डेक पुसायच्या झुपक्याला चिकटला. मग जहाजावरून उतरून घराघरात शिरला, मोलकरणींच्या हातातून चौकात आला आणि जत्रेचं नाव होऊन बसला. विस्कटलेल्या केसांनाही मॉप म्हणायचे तेच. शेवटी ते म्हणाले की नक्की काय ते कोणालाच ठाऊक नाही. मग आम्हाला तासभर कडक खुर्च्यांवर कशाला बसवलं ते त्यांनाच माहीत. थर्झा मागे दाराशी बसली होती, कारण नंतर फरशी तिलाच पुसायची होती. आम्ही दोघी बरोबर निघालो.

"बराच फिरलाय की हा शब्द," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा जास्त."

ते खरंच होतं. ती आयुष्यात टेमफर्डपासून बारा मैलांपलीकडे गेली नव्हती. कारण विचारलं तर सांगायची, "कोणी आलं आणि मी नसले तर?"

हे कोणी म्हणजे लीआ, तिची मोठी बहीण. आईबाप लहानपणीच गेले, आजीने वाढवलं, मग आजीही गेली. पहिल्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट ही. लीआ पंधराची, थर्झा तेराची. दोघी एकच मॉप घेऊन चौकात आल्या, कारण घरात एकच होता. लीआने त्याच्या सुताचे दोन गोंडे कापून दोघींना लावले. एका घरात दोघींना कोणी घेईना. लीआला एका धान्यव्यापाऱ्याच्या बायकोने निवडलं, थर्झाला टेकडीपलीकडच्या शेतकऱ्याने. लीआने आपल्या शिलिंगातून निळी रिबन घेतली, दोन तुकडे केले आणि थर्झाच्या तपकिरी कोटावर एक तुकडा स्वतःच्या हाताने टाचला. म्हणाली, "पळपुट्या मॉपला चौकातल्या दगडी क्रॉसच्या पायरीवर भेट. तिथे नाही करमलं तर दोघी मिळून दुसरं घर बघू. दोघींना घेईल असंच."

थर्झाला करमलं नाही. गोठ्याच्या माडीवर एकटीने निजायचं, धुण्याच्या सोड्याने हात फुटायचे, आणि मालकीण दुधाला कुलूप लावायची. त्या घरात तिच्याशी हुकमाशिवाय कोणी बोलत नसे. तिने दिवस कसेबसे काढले आणि पळपुट्या मॉपच्या सकाळी टेकडी उतरून आली. पायरीवर उभी राहिली. पाळणे थांबले, दुकानदारांनी ताडपत्र्या गुंडाळल्या, तोवर उभी होती. लीआ आली नाही. थर्झा अंधारात टेकडी चढून परत गेली आणि त्या घरात पुढे आठ वर्षं राहिली. नंतर कानावर आलं की तो धान्यव्यापारी बायकापोरांसकट कॅनडाला गेला आणि लीआला घेऊन गेला. ना निरोप, ना काही. दोघींनाही लिहिता येत नव्हतं.

हे तिने मला एकदाच सांगितलं, चहा पिताना, आणि वर म्हणाली, "विसरली असेल. माणसं विसरतात." मी तिचा कप पुन्हा भरला.

पण ती स्वतः विसरली नाही. दर वर्षी पळपुट्या मॉपला ती चांगला कोट घालून क्रॉसच्या पायरीवर उभी राहायची, निळी रिबन लावून. ती रिबन म्हणजे गावाचा करमणुकीचा विषय. कारण रिबन नुसती नव्हती, तिच्याखाली तपकिरी कापडाचा एक चौकोनही होता. लीआने टाचलेली टाचणी थर्झाने कधी उघडलीच नव्हती. तो पोरपणीचा कोट फाटला तेव्हा तिने रिबनीभोवतीचं कापड तेवढं कापून घेतलं आणि दुसऱ्या कोटावर शिवलं. तो गेल्यावर तिसऱ्यावर. आताचा कोट करडा, त्यावर तपकिरी ठिगळ, ठिगळावर गंजलेली टाचणी आणि पार उडालेला निळा रंग. खाटीक म्हणायचा, "काय थर्झा, कुठल्या लढाईचं पदक हे?"

"तू ज्या लढाईला गेला नाहीस त्या," थर्झा म्हणायची. सपाट पायांमुळे खाटकाला लष्कराने घेतलं नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

मी एकदा तिला म्हटलं, "अगं, टाचणी तरी बदल. कोटाची चाळण झाली."

"लीआने लावलीय. लीआच काढेल."

साठ वर्षं झाली होती या गोष्टीला. मला तिचा राग यायचा. एवढी फटकळ, चलाख बाई, दुकानात मला एका पेनीने फसवू द्यायची नाही, आणि या बाबतीत अगदी लहान पोर. राग यायचा आणि कीवही यायची, दोन्ही एकदम.

गेल्या वर्षीच्या पळपुट्या मॉपला दुपारी माझ्या दुकानात एक बाई आली. वय पन्नाशीचं, मोरपंखी कोट, पायात भक्कम बूट. उच्चारावरून अमेरिकेकडची वाटली. मी म्हटलं, छत्री हवी असेल.

"पळपुटा मॉप म्हणतात तो आजच ना?" तिने विचारलं. "माझी आई सांगायची. आई इथलीच. लीआ हॅन्कॉक्स, माहेरचं नाव."

मी दाराला 'बंद'ची पाटी लावली. भर दुपारी ही पाटी आमच्या दुकानावर माझ्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेला लागली होती, त्यानंतर आत्ताच. त्या बाईचं नाव व्हर्ना. तिला दंडाला धरून मी गर्दीतून क्रॉसपर्यंत नेलं. थर्झा आपल्या पायरीवर उभी होती. डाव्या हाताला पाळणा, उजव्या हाताला तळलेल्या कांद्यांची गाडी, आणि मधे ही, दोन्ही हात पर्सवर ठेवून.

"थर्झा," मी म्हटलं, "ही लीआची मुलगी."

थर्झाने तिच्याकडे बघितलं. मग तिच्या मागे बघितलं, आणखी कोणी आहे का ते.

मी दोघींना दुकानामागच्या खोलीत आणलं, किटली चढवली, आल्याचा केक कापला. कोणी हात लावला नाही. पाळण्याचं गाणं भिंतीतून आत येत होतं.

"मावशी," व्हर्ना म्हणाली, आणि मी थर्झाकडे बघितलं, कारण हा शब्द तिला आजवर कोणी म्हटला नव्हता. "मावशी, आई मार्चमध्ये गेली. झोपेतच. काही त्रास झाला नाही."

थर्झाने मान हलवली. तिने कपाची बशी थोडी सरकवली, पुन्हा जागेवर आणली.

"मग ती आली का नाही?" तिने विचारलं. "त्या वर्षी. मी सगळे जाईपर्यंत उभी होते."

"आली होती की."

थर्झाने बशी पुन्हा सरकवली.

"आली होती, मावशी. ती धान्यवाली बाई आईला मारायची. आईला तिथे एक दिवसही राहायचं नव्हतं. सकाळीच रिबन काढली, गोंडा लावला आणि आली. चौकाच्या त्या टोकाला पोचली तर तुम्ही पायरीवर. आणि छातीवर निळी रिबन." व्हर्नाने थर्झाच्या कोटाकडे बोट केलं आणि हसली. "हीच ना? आई म्हणायची, लांबून अशी उठून दिसत होती. म्हणायची, थर्झाला चांगलं घर मिळालं होतं गं, रिबन लावून ऐटीत उभी होती. मी गोंडा घेऊन समोर गेले असते तर त्या वेडीने माझ्यासाठी ते घर सोडलं असतं. बोलायला गेले तर रडू आलं असतं, आणि मी रडले की ती माझ्यामागे येणार. म्हणून तशीच मागे फिरले."

किटली शिटी वाजवायला लागली. मी उठून ती उतरवली, कारण मला त्या खोलीत बसवेना. साठ वर्षं जी टाचणी हिने उघडली नाही, लीआच्या हातची म्हणून, ती बघून लीआ परत गेली होती. मला वाटलं, या बाईने तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं. समुद्र ओलांडून आली, सहज सांगून मोकळी झाली आणि आता केकचा तुकडा मोडतेय. पण तिचा तरी काय दोष. तिच्या घरात ही आनंदाची गोष्ट होती.

"आई आम्हाला नेहमी सांगायची," व्हर्ना म्हणाली. "तिकडे पहिली वर्षं फार वाईट गेली. मातीच्या भिंतींचं घर, मैलोगणती शेजार नाही. रडकुंडीला आली की म्हणायची, माझी बहीण तरी सुखात आहे. तेवढ्यावर दिवस काढायची. होतात ना सुखात, मावशी?"

मी वळले. म्हटलं आता सांगते, कुलपातलं दूध, फुटलेले हात, गोठ्यावरची माडी, सगळं. टेबलाजवळ येऊन बसले आणि तोंड उघडणार तेवढ्यात थर्झाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. चांगला जोरात. मॉप चालवलेल्या बाईचा पाय तो.

"हो तर," थर्झा म्हणाली. "फार चांगलं घर होतं. पोटभर दूध. मालकीण माझ्याशी मुलीसारखं वागायची."

"मग आईचं खरंच होतं."

"खरंच होतं."

व्हर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने थर्झाचा हात हातात घेतला. थर्झाने घेऊ दिला. त्या संध्याकाळच्या गाडीने व्हर्ना लंडनला गेली. जाताना म्हणाली, ती रिबन आठवण म्हणून मिळेल का, आईच्या फोटोशेजारी ठेवीन. थर्झा म्हणाली, "नाही." एवढंच. व्हर्नाला जरा लागलं असावं.

स्टेशनवरून येताना मी म्हटलं, "खोटं कशाला बोललीस?"

"लीआ त्यावर जगली," ती म्हणाली. "आता मी ते काढून घेऊ?"

नंतर ती माझ्याशी या विषयावर बोलली नाही. हिवाळाभर तिच्या धुराड्यातून उशिरा धूर यायला लागला. कधी दहा वाजायचे, कधी अकरा. मी दार ठोठावायचे तर आतून म्हणायची, "जिवंत आहे, जा." चर्चची फरशी पुसायला मात्र जात होती. पाद्री म्हणाले की मिस हॅन्कॉक्स हल्ली एकच जागा पुन्हा पुन्हा पुसतात. मी म्हटलं, पुसू द्या, तुमचं काय जातंय.

सप्टेंबरात ती दुकानात आली. सुताचा मॉप घेतला. सूत ओढून बघितलं नाही, नाक मुरडलं नाही. मला ते आवडलं नाही.

यंदाचा पळपुटा मॉप आला तेव्हा मला वाटलं, ही आता जाणार नाही. कोणासाठी जायचं? पण दुपारी खाटीक दारातून डोकावला. हसत नव्हता. म्हणाला, "हिल्डा, तुझी मैत्रीण बघ जरा."

मी ॲप्रनवरच गेले. थर्झा पायरीवर उभी होती, नेहमीच्याच जागी, दोन्ही हात पर्सवर. करड्या कोटावर जिथे तपकिरी ठिगळ असायचं तिथे कोटाचा न विटलेला गडद चौकोन दिसत होता, आणि त्याच्या मधोमध पांढरा सुताचा गोंडा. नव्या मॉपचा कापलेला. नव्या टाचणीने टाचलेला.

मी नेहमीसारखंच बोलले. "काय गं, या वयात नोकरी शोधतेस?"

"मिळाली तर बघेन."

"रिबन कुठाय?"

"पेटीत. टाचणी गंजून तुटली, बोटात घुसली." तिने अंगठा दाखवला, त्यावर कापडाची चिंधी होती. "लीआ येऊन काढेल म्हणत होते. शेवटी मलाच काढावी लागली."

पाळण्यातली पोरं ओरडत होती. कांद्याच्या गाडीवाल्याने आम्हाला जरा बाजूला व्हायला सांगितलं, आम्ही झालो नाही.

"थर्झा," मी म्हटलं, "लीआ आता येणार नाहीये."

"ते मला कळत नाही होय? मी काय वेडी आहे?"

"मग कशाला उभी आहेस थंडीत?"

ती चौकाच्या त्या टोकाकडे बघत होती, जिथून टेकडीचा रस्ता येत नाही, लीआ आली होती तो दुसरा येतो.

"ती आली होती, हिल्डा. नीट गोंडा लावून आली होती," ती म्हणाली. "मग मलाही एकदा नीट यायला नको?"

मी तिच्या शेजारी पायरीवर उभी राहिले. दुकान उघडंच होतं, राहू दे म्हटलं. दुकानदार ताडपत्र्या गुंडाळायला लागले तेव्हा ती म्हणाली, चल, आणि आम्ही घरी गेलो.